उपयोजित गणित आणि संशोधक विद्यार्थ्यांची चर्चासत्रे

दुसरे महायुद्ध चालू असतानाची, १९४३-४४ च्या सुमाराची गोष्ट. कलकत्ता विद्यापीठात सांख्यिकीच्या पदव्युत्तर वर्गात एक तरुण अध्यापक आकलन सिद्धांत शिकवीत होते. नमुन्याचा आकार अतिशय मोठा असेल, तर मिळणाऱ्या आकलकाची अचूकता एका विशिष्ट मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, हा फिशर यांचा निष्कर्ष त्यांनी सांगितला. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले की, नमुना लहान असेल तर असाच निष्कर्ष सिद्ध करता येणार नाही का? अध्यापकांकडे उत्तर नव्हते. त्यांनी घरी जाऊन रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सिद्धता मांडली. हे अध्यापक म्हणजे सी. आर. राव. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आज 'क्रामेर-राव असमानता' या नावाने जगभर शिकविला जातो. प्रश्न विचारणारा विद्यार्थी म्हणजे पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञ झालेले वि. म. दांडेकर. १९७१ मध्ये नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे.

या घटनेतून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. गणित हे एकांतात बसून करावयाचे शास्त्र आहे, हा समज पूर्णतः खरा नाही. सिद्धता एकट्याने लिहिली जाते. परंतु प्रश्न पुष्कळदा दुसऱ्याकडून येतो. असा प्रश्न नियमितपणे, निर्भयपणे आणि समवयस्कांच्या सहवासात विचारता यावा, यासाठी निर्माण झालेली व्यवस्था म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांची चर्चासत्रमाला होय. देशातील संशोधनाचा पाया विस्तारण्याचा विचार होत असताना या साध्या, अल्पखर्चिक आणि काहीशा दुर्लक्षित व्यवस्थेचे स्वरूप समजावून घेणे उचित ठरेल.

चर्चासत्रमालेचे स्वरूप

'चर्चासत्र' हा शब्द आपल्याकडे अनेक अर्थांनी वापरला जातो. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे आणि प्रमाणपत्रे असलेल्या दोन दिवसांच्या कार्यक्रमालाही चर्चासत्रच म्हणतात. येथे अभिप्रेत असलेली चर्चासत्रमाला त्याहून वेगळी आहे. ती आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या वेळी भरते. पीएच.डी. करणारा एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी सुमारे तासभर फळ्यासमोर उभे राहून एखादा विषय मांडते. श्रोते बहुतांशी इतर संशोधक विद्यार्थी असतात. वक्त्यांचे वेळापत्रक विद्यार्थीच ठरवितात. काही ठिकाणी अध्यापक उपस्थित राहत नाहीत, तर काही ठिकाणी ते मागच्या रांगेत बसून शेवटी बोलतात.

वर्गातील व्याख्यान, परिषदेतील निबंधवाचन आणि विद्यापीठातील प्रगती-मूल्यमापन या तीन प्रकारांहून हा प्रकार भिन्न आहे. व्याख्यानात शिकविणारा विषयाचा जाणकार असतो. परिषदेत पूर्ण झालेले काम मांडले जाते. मूल्यमापनात वक्त्याची परीक्षा होत असते. विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रात मात्र वक्ता स्वतः शिकत असतो, काम अपूर्ण असते आणि गुण देणारे कोणीही नसते. 'ही पायरी मला समजलेली नाही' असे वक्त्याने सांगितले, तरी त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट त्या पायरीवरच सर्वाधिक चर्चा होते. पीएच.डी.च्या चार-पाच वर्षांच्या काळात विद्यार्थ्याला जो एकाकीपणा जाणवतो, त्यावर हा एक परिणामकारक उपाय आहे. आपल्याला न समजलेली गोष्ट इतरांनाही अवघड वाटते, हे कळणे हासुद्धा शिक्षणाचाच एक भाग आहे.

उपयोजित गणिताची विशेष गरज

शुद्ध गणितात प्रश्न गणिताच्या अंतर्गत रचनेतून निर्माण होतात. उपयोजित गणितात ते बाहेरून येतात. पाऊस किती पडेल, साथ केव्हा ओसरेल, पुलाच्या कोणत्या भागावर किती ताण येईल, उपलब्ध रेल्वेगाड्या कोणत्या मार्गावर धावाव्यात, असे हे प्रश्न असतात. त्यांची उकल साधारणतः चार टप्प्यांत होते. प्रथम वास्तवातील आवश्यक तेवढ्या बाबी निवडून गणिती प्रारूप तयार केले जाते. नंतर त्यातील समीकरणांचा अभ्यास होतो. तिसऱ्या टप्प्यात संगणकाच्या साहाय्याने आसन्न उत्तर काढले जाते. शेवटी ते उत्तर प्रत्यक्ष निरीक्षणांशी ताडून पाहिले जाते.

या चारही टप्प्यांवर प्रभुत्व असलेली व्यक्ती विरळाच. समीकरणांचा अभ्यासक आकडेवारीच्या मर्यादांविषयी अनभिज्ञ असू शकतो आणि संगणनात निष्णात असलेल्याला मूळ भौतिक प्रक्रिया ठाऊक नसते. हवामानाच्या पूर्वानुमानाचे उदाहरण घेता येईल. वातावरणाचे प्रारूप पृथ्वीच्या पृष्ठभागाची चौकटींमध्ये विभागणी करते. भारतात आधी १२ किलोमीटरच्या चौकटींचे जागतिक प्रारूप वापरात होते. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली ६ किलोमीटर चौकटींची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' कार्यान्वित झाली. चौकटीची बाजू निम्मी झाली की चौकटींची संख्या चौपट होते. शिवाय गणना स्थिर राहावी म्हणून कालाचे टप्पेही साधारणतः निम्मे करावे लागतात. त्यामुळे एकूण आकडेमोड सुमारे आठपट वाढते. ही आठपट वाढ पेलण्यासाठी केवळ मोठा महासंगणक पुरेसा नसतो. गणनपद्धतीही सुधारावी लागते. अशा वेळी वातावरणशास्त्र, अवकल समीकरणे आणि संगणकशास्त्र यांचे अभ्यासक एकाच फळ्यासमोर बसणे अनिवार्य ठरते.

कोलकाता : चौघांचे परस्पर-अध्यापन

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेला १९५९ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा आणि पदवी देण्याचा अधिकार मिळाला. त्याच सुमारास तेथे चार तरुण संशोधक एकत्र आले. व्ही. एस. वरदराजन, के. आर. पार्थसारथी, आर. रंगा राव आणि एस. आर. श्रीनिवास वरधन हे ते चौघे होत. वरधन १९५९ मध्ये मद्रासहून आले, तेव्हा औद्योगिक गुणवत्ता नियंत्रणासारख्या व्यावहारिक सांख्यिकीत काम करण्याचा त्यांचा विचार होता. सहाध्यायांच्या सहवासात ते संभाव्यता सिद्धांताकडे वळले.

या विद्यार्थ्यांना ज्या आधुनिक विषयांची ओढ होती, ते शिकविण्याची तयार व्यवस्था त्या वेळी फारशी नव्हती. त्यामुळे त्यांनी ग्रंथ व शोधनिबंध वाटून घेतले आणि एकमेकांसमोर व्याख्याने दिली. एकाने वाचावे, फळ्यावर मांडावे आणि उरलेल्यांनी प्रत्येक पायरीवर शंका घ्यावी, असा हा क्रम होता. यातून संयुक्त शोधनिबंध निर्माण झाले. पार्थसारथी यांचा १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेला मेट्रिक अवकाशांवरील संभाव्यता-मापांविषयीचा ग्रंथ या विषयातील प्रमाणग्रंथ मानला जातो. सोव्हिएत गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी १९६२ मध्ये या संस्थेला भेट दिली आणि वरधन यांच्या प्रबंधाचे ते एक परीक्षक होते.

१९६३ मध्ये पीएच.डी. मिळवून वरधन न्यूयॉर्कच्या कूरांट संस्थेत गेले. तेथे त्यांनी विकसित केलेल्या 'महाविचलन' सिद्धांतासाठी त्यांना २००७ चे आबेल पारितोषिक मिळाले. क्वचित घडणाऱ्या परंतु गंभीर परिणाम असलेल्या घटनांची संभाव्यता कशी मोजावी, हा या सिद्धांताचा विषय आहे. एकाच वर्षी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक दावे येऊन विमा कंपनीचा निधी संपणे किंवा दूरसंचार जाळ्यावर एकाच वेळी असह्य भार येणे, ही त्याची उदाहरणे होत.

मद्रास : घरातील चर्चासत्रातून संस्था

मद्रासमधील अनुभव आणखी वेगळा आहे. यादृच्छिक प्रक्रियांचे अभ्यासक अल्लादी रामकृष्णन १९५७-५८ मध्ये प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत होते. तेथील चर्चासत्रांनी प्रभावित होऊन परतल्यावर त्यांनी मैलापूर येथील 'एकाम्र निवास' या आपल्या घरीच विद्यार्थ्यांसाठी सैद्धांतिक भौतिकीचे चर्चासत्र सुरू केले. मद्रासला येणारे परदेशी शास्त्रज्ञ येथे व्याख्यान देत आणि विद्यार्थी त्यांच्याशी चर्चा करीत. १९६० मध्ये नील्स बोर यांनी या गटाला भेट दिली व त्याची प्रशंसा केली. १९६१ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरू मद्रासला आले असता त्यांनी या विद्यार्थ्यांची भेट घेतली. ३ जानेवारी १९६२ रोजी गणितीय विज्ञान संस्थेचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर उपस्थित होते.

संस्था आधी आणि उपक्रम नंतर, हा शासकीय नियोजनाचा सर्वसाधारण क्रम असतो. येथे क्रम उलटा होता. आधी चर्चा होती, मग इमारत आली. नव्या संस्थांच्या उभारणीचा विचार करताना हे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे.

मुंबई आणि बंगळुरू : टिपणांची परंपरा

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने निराळी पद्धत रुजविली. जगातील नामवंत गणितज्ञांना काही आठवड्यांसाठी निमंत्रित करावयाचे, त्यांनी व्याख्यानमाला द्यावयाची आणि संशोधक विद्यार्थ्यांनी तिची टिपणे लिहावयाची, अशी ही पद्धत होती. टिपणे लिहिणे म्हणजे केवळ फळ्यावरील मजकूर उतरविणे नव्हे. व्याख्यात्याने 'हे उघड आहे' म्हणून सोडून दिलेली प्रत्येक पायरी विद्यार्थ्याला भरून काढावी लागे. ही टिपणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या विद्यापीठांत वाचली गेली.

बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९५६ मध्ये प्रभुलाल भटनागर यांच्या नेतृत्वाखाली उपयोजित गणिताचा विभाग सुरू झाला होता. वायूंच्या गतिविषयक सिद्धांतातील १९५४ चे 'भटनागर-ग्रॉस-क्रूक' प्रारूप त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९७० च्या दशकात टाटा संस्थेने भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने बंगळुरूत गणिताच्या उपयोजनांचा कार्यक्रम हाती घेतला. फ्रान्समधील झाक-लुई लिओन्स यांच्या परंपरेतील गणितज्ञांचा त्यास मोठा हातभार लागला. १९७५ मध्ये फिलिप सियार्ले यांनी दिलेल्या फायनाइट एलिमेंट पद्धतीवरील व्याख्यानांची टिपणेही तरुण भारतीय संशोधकांनीच तयार केली. एखाद्या वस्तूचे लहान लहान तुकड्यांत विभाजन करून तिच्यातील ताण, उष्णता किंवा प्रवाह मोजण्याची ही पद्धत आज धरणांपासून विमानांपर्यंत सर्वत्र वापरली जाते.

एका विषयाची मांडणी : मुंबईचा प्लेग

अशा चर्चासत्रात नेमके काय घडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एखादी विद्यार्थिनी साथीच्या रोगांच्या गणितावर बोलणार आहे. ती सुरुवात १९२७ च्या एका शोधनिबंधापासून करील. त्याचे लेखक होते विल्यम करमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक. मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर असून कसौली येथील पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे सिद्ध करणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्याकडून त्यांना गणिताची प्रेरणा मिळाली होती. करमॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात गेली होती.

त्यांनी लोकसंख्येचे तीन गट कल्पिले : रोग होऊ शकेल असे, रोगग्रस्त असलेले, आणि बरे झाल्याने अथवा मृत्यूमुळे प्रसाराच्या साखळीतून बाहेर पडलेले. पहिल्या गटातून दुसऱ्या गटात जाण्याचा वेग पहिल्या दोन गटांच्या संख्यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, कारण संसर्गासाठी दोघांची गाठ पडावी लागते. दुसऱ्यातून तिसऱ्या गटात जाण्याचा वेग केवळ रोगग्रस्तांच्या संख्येवर अवलंबून असतो. एवढ्या दोन गृहीतांवरून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एक रुग्ण सरासरी एकाहून अधिक जणांना रोग देत असेल तरच साथ वाढते, अन्यथा ती विझते.

आता अंक घेऊन पाहावे. सर्वच लोक संसर्गप्रवण असताना एक रुग्ण सरासरी दोघांना रोग देतो असे मानले, तर निम्मी लोकसंख्या रोगप्रतिकारक्षम झाल्यावर तो सरासरी एकालाच रोग देईल आणि साथ थांबू लागेल. ही संख्या चार असेल तर तीन चतुर्थांश लोक सुरक्षित असावे लागतात. एक वजा या संख्येचा व्यस्त, हे त्याचे सूत्र आहे. गोवरासाठी ही संख्या साधारणतः १२ ते १८ सांगितली जाते. म्हणून गोवराच्या लसीकरणाचे उद्दिष्ट ९२ ते ९४ टक्के किंवा त्याहून अधिक ठेवावे लागते. ८० टक्के लसीकरण चांगले दिसले तरी गोवर थांबविण्यास ते अपुरे का पडते, याचे उत्तर या एका ओळीच्या सूत्रात आहे.

करमॅक व मॅकेंड्रिक यांनी आपले प्रारूप १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगमधील साप्ताहिक मृत्यूंशी ताडून पाहिले. त्यांच्या सूत्राचा आलेख घंटेच्या आकाराचा आहे. सतराव्या आठवड्याच्या सुमारास आठवड्याला ८९० मृत्यू हा त्याचा शिरोबिंदू आहे आणि त्याखालील एकूण बेरीज सुमारे ८,९०० मृत्यू इतकी येते. प्रत्यक्ष आकडे या आलेखाशी चांगलेच जुळले. पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण आजही दिले जाते.

नेमक्या याच ठिकाणी मागच्या रांगेतून एक हात वर होतो. प्लेग तर उंदीर व पिसवांमार्फत पसरतो. मग माणसाकडून माणसाला संसर्ग होतो असे मानणारे प्रारूप कसे जुळले? हा प्रश्न बिनतोड आहे. मूळ लेखकांनाही त्याची जाणीव होती. आपली गृहीते येथे काटेकोरपणे लागू पडत नाहीत, असे त्यांनी स्वतः नमूद केले होते. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग पुढे दरवर्षी ठराविक ऋतूत उसळी घेत असे. निकोलस बकाएर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात हा ऋतुबदलाचा परिणाम विचारात घेतल्याशिवाय मुंबईच्या आलेखाचे स्पष्टीकरण समाधानकारक ठरत नाही, असे दाखविले.

श्रोत्यांतील सांख्यिकीचा विद्यार्थी येथे भर घालील की, घंटाकृती आलेख अनेक वेगवेगळ्या कारणांनी मिळू शकतो; म्हणून आलेख जुळला याचा अर्थ कारण सापडले असा होत नाही. तासाभरापूर्वी जे उदाहरण प्रारूपाचा विजय म्हणून मांडले गेले, तेच आता सावधगिरीचा धडा ठरते. एकट्याने वाचताना नजरेतून सुटणारी बाब चर्चेत लक्षात येते ती अशी. या धड्याचे मोल केवळ शैक्षणिक नाही. २०२०-२१ मध्ये कोविड-१९ च्या काळात अनेक गणिती प्रारूपे सार्वजनिक चर्चेत होती आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेची तीव्रता त्यांपैकी अनेकांना आधी सांगता आली नव्हती. प्रारूपाच्या गृहीतांविषयी वेळीच शंका घेणारे श्रोते असणे ही सार्वजनिक आरोग्याचीही गरज आहे.

एकाकी संशोधनाची मर्यादा

चर्चा करणारा गट नसेल तर काय होते, याचा विचार करताना गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण होते. प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ते विख्यात असले तरी मूलतः ते गणिती होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना १९४३ मध्ये त्यांनी फलन-अवकाशातील सांख्यिकीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुंतागुंतीच्या, सतत बदलणाऱ्या माहितीतून मोजके प्रमुख आकृतिबंध वेगळे काढण्याची कल्पना त्यात होती. काही वर्षांनी हीच कल्पना कारहूनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्यांच्या नावाने प्रचलित झाली. द्रवांच्या खळबळाटी प्रवाहाचा व हवामानाचा अभ्यास करताना ती आज सर्रास वापरली जाते. कोसंबींच्या अग्रक्रमाची दखल मात्र बराच काळ अपुरीच राहिली. एखादी कल्पना पुढे नेण्यासाठी ती सुचणे पुरेसे नसते. ती समजून घेणारे, वापरून पाहणारे आणि इतरांना सांगणारे समवयस्क लागतात.

संस्थात्मक पाठबळ

आज देशात गणिताच्या संशोधन-प्रशिक्षणासाठी अनेक स्तरांवर व्यवस्था उपलब्ध आहेत. अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये स्थापन केलेले राष्ट्रीय उच्च गणित मंडळ संशोधन शिष्यवृत्त्या, ग्रंथालये आणि परिषदा यांना साहाय्य करते. १९९३ पासून चालणारा गणिताच्या प्रशिक्षणाचा व प्रतिभाशोधाचा उन्हाळी कार्यक्रम पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांना पाठांतराऐवजी प्रश्नांच्या आधारे शिकण्याची सवय लावतो. टाटा संस्था आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई यांचे संयुक्त राष्ट्रीय गणित केंद्र संशोधक विद्यार्थ्यांसाठी व अध्यापकांसाठी प्रगत प्रशिक्षण शिबिरे भरविते. २००७ मध्ये सुरू झालेले बंगळुरूचे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र आंतरविद्याशाखीय कार्यक्रमांचे आयोजन करते. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानचेही या संदर्भात योगदान आहे.

आर्थिक बाजूही लक्षात घ्यावयास हवी. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या संयुक्त राष्ट्रीय पात्रता परीक्षेत 'गणितीय विज्ञान' हा स्वतंत्र विषय आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, तर वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची ४२,००० रुपये करण्यात आली. २०२३ च्या कायद्यान्वये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची स्थापना झाली असून २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी एकूण ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडण्यात आला आहे. विद्यापीठे व महाविद्यालये यांमध्ये संशोधनाची संस्कृती रुजविणे हे तिचे एक घोषित उद्दिष्ट आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार संशोधकाने किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावयाचा असून प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर आपल्या कामाचे सादरीकरण करावयाचे आहे. ही तरतूद आवश्यक असली तरी ती चर्चासत्रमालेची जागा घेऊ शकत नाही. समितीसमोर विद्यार्थी आपल्याला काय येते ते दाखवितो. सहाध्यायांसमोर तो आपल्याला काय येत नाही ते सांगू शकतो. संशोधनासाठी दोन्हींची गरज असते.

अडचणी आणि उपाय

या व्यवस्थेचा लाभ मात्र सर्वत्र सारखा पोहोचलेला नाही. मोठ्या राष्ट्रीय संस्थांत एकाच विभागात अनेक संशोधक विद्यार्थी असतात. राज्य विद्यापीठांशी संलग्न असलेल्या लहान शहरांतील संशोधन केंद्रांत मात्र एका मार्गदर्शकाकडे दोन-तीनच विद्यार्थी असतात आणि त्यांपैकी काही जण नोकरी सांभाळून संशोधन करतात. तेथे दर आठवड्याला वक्ता व श्रोते मिळणे कठीण जाते. जवळपासच्या तीन-चार महाविद्यालयांनी एकत्र येऊन पंधरवड्यातून एकदा चर्चासत्र घेणे आणि दूरचित्र-संवादाच्या साहाय्याने इतरांना जोडून घेणे हा यावरील व्यवहार्य मार्ग होय. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक खोली, फळा, चहा आणि नियमितपणा एवढ्यावर ते चालू शकते. यांपैकी नियमितपणा टिकविणे सर्वाधिक अवघड असते.

दुसरी अडचण भाषेची आहे. मातृभाषेतून पदवीपर्यंत शिकलेला विद्यार्थी इंग्रजीतील चर्चेत प्रश्न विचारण्यास बिचकतो आणि त्याचे मौन हे अज्ञानाचे लक्षण समजले जाते. पारिभाषिक संज्ञा इंग्रजी ठेवून स्पष्टीकरण मराठी, तमिळ किंवा हिंदीत करण्यास मुभा दिल्यास चर्चेची पातळी खालावत नाही. उलट अधिक विद्यार्थी तिच्यात सहभागी होतात. तिसरी अडचण अधिकारपरंपरेची आहे. ज्येष्ठांच्या उपस्थितीत शंका विचारणे म्हणजे उद्धटपणा, ही समजूत अनेक ठिकाणी अद्याप टिकून आहे. वक्त्याला मध्येच थांबविण्याचा अधिकार सर्वांत नवख्या विद्यार्थ्यालाही असला पाहिजे, हा नियम चर्चासत्राच्या पहिल्याच दिवशी स्पष्ट करणे हितावह ठरते.

चौथी बाब उद्योगांशी व शासकीय विभागांशी असलेल्या संबंधांची. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिनिअर प्रोग्रॅमिंगची नवी कार्यक्षम पद्धत शोधली. मर्यादित साधनांचे सर्वोत्तम वाटप करण्याच्या प्रश्नांत तिचा उपयोग होतो. व्यावहारिक प्रश्न आणि सखोल गणित यांची एकाच ठिकाणी गाठ पडली, की काय साध्य होते, याचे हे उदाहरण आहे. जिल्हा आरोग्य कार्यालय, पाटबंधारे विभाग किंवा राज्य परिवहन सेवा यांच्यासमोरील खरे प्रश्न वर्षातून दोन-तीनदा चर्चासत्रात मांडले गेले, तर विद्यार्थ्यांना विषय मिळतील आणि प्रशासनाला नवी दृष्टी.

समारोप

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, हा २०१२ पासून देशात राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होतो. रामानुजन यांच्या एकाकी प्रतिभेचे कौतुक योग्यच आहे. तथापि अशी प्रतिभा दुर्मिळ असते आणि कोणत्याही धोरणाने ती निर्माण करता येत नाही. धोरणाच्या आवाक्यात असलेली गोष्ट निराळी आहे. साधारण बुद्धीच्या परंतु जिज्ञासू विद्यार्थ्यांना एकमेकांकडून शिकण्याची नियमित संधी देणे शासन, विद्यापीठे आणि खुद्द विद्यार्थी यांच्या हातात आहे. कोलकात्यातील चौघांना आणि मैलापूरच्या घरात जमणाऱ्या तरुणांना हीच संधी मिळाली होती.

राव यांच्या वर्गात दांडेकर यांनी तो प्रश्न मनातच ठेवला असता, तर ती असमानता कदाचित राव यांच्या नावाने ओळखली गेली नसती. देशभरातील वर्गांत आजही अनेक प्रश्न मनातच राहतात. ते फळ्यापर्यंत पोहोचण्यासाठी आठवड्यातील एक तास राखून ठेवणे, हा विज्ञानाच्या विकासातील सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत फलदायी गुंतवणुकींपैकी एक उपाय ठरू शकेल.